लसणाचा पाव आणि घरचा तवा

पावाचा तुकडा विहिरीत पडला की तिचे पाणी पिणारे सारे गाव बाटले, अशी समजूत गोव्या-कोकणाकडे एके काळी होती. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्यांच्या धर्मांतराचे भय त्या पदार्थालाही चिकटले. हैदराबादेत भट्टीच्या पदार्थांची कथा निराळी आहे. जुन्या शहरात पुरानी हवेलीजवळ १८५१ साली सुरू झालेले मुन्शी नानचे दुकान चौकोनी नानासाठी प्रसिद्ध झाले. इराणी हॉटेलांतील चहा आणि उस्मानिया बिस्किटे तर शहराची ओळखच झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत याच राजधानीशी जोडलेले होते. त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांना ही चव परकी राहिली नाही.

तरीही अशा घरांत आज एक लहानसा पेच पडतो. नातवाला हॉटेलातील चीज घातलेला लसणाचा पाव हवा असतो आणि आजी बाहेरचे काही तोंडात घालीत नाही. एकाच घरात दोन ताटे वेगळी होतात. ती एकत्र आणण्याचे काम घरचा तवा करू शकतो. त्यासाठी विजेची भट्टी लागत नाही.

मूळ कल्पना साधी आहे. इटलीत भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर ऑलिव्हचे तेल घालण्याची जुनी रीत आहे. तेलाच्या जागी लोणी आले, पुढे चीज आले आणि आजचा पदार्थ तयार झाला.

चार पावांना लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन मोठे चमचे लोणी, साठ ग्रॅम किसलेले चीज, मूठभर कोथिंबीर आणि चिमूटभर मिरपूड पुरते. लसूण ठेचून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा. पाकळी अखंड असताना तिला उग्र वास नसतो. ती ठेचली की आतील दोन द्रव्ये एकत्र येतात आणि तो वास निर्माण होतो. ठेचताक्षणीच तापवल्यास ही क्रिया अर्धवट राहते. मग तो मऊ लोण्यात कालवावा. चीज खारट असते, म्हणून मीठ बेतानेच घालावे.

चीज निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पनीर आम्लाने फाडलेल्या तापल्या दुधाचे असल्यामुळे वितळत नाही. ते येथे उपयोगी नाही. डब्यातील प्रक्रिया केलेले चीज एकजीव वितळते, तर मोझरेलाला तार सुटते. दुसरी गोष्ट आजीच्या समाधानाची. चीजसाठी दूध विरजण्यास पूर्वी वासराच्या जठरातील द्रव्य वापरीत. आता सूक्ष्म जीवांपासून केलेले द्रव्यही वापरतात. पाकिटावरील शाकाहाराची हिरवी खूण पाहिली की शंका उरत नाही.

पाव मधोमध कापून त्याची कापलेली बाजू कोरड्या तव्यावर किंचित भाजावी. मग ती वर करून तीवर लसणाचे लोणी लावावे, चीज पसरावे आणि मंद आचेवर झाकण ठेवावे. तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब सोडल्यास वाफेने चीज लवकर वितळते. तीन-चार मिनिटे पुरतात. आच मोठी झाली तर खालचा पाव करपतो, चीजमधील तूप सुटते आणि उरलेले रबरासारखे होते. शेवटी कोथिंबीर भुरभुरावी.

आदल्या दिवशीचा पाव येथे खुशाल वापरावा. उष्णतेने तो पुन्हा मऊ होतो. बुरशी धरलेला पाव मात्र खरवडून न घेता सबंध टाकावा. ठेचलेला कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर साठवू नये. हवा न लागता त्यात प्राणघातक विष तयार होऊ शकते. लागेल तेवढाच ताजा ठेचावा.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरी लसणाऐवजी हिरवी मिरची आणि जिरे घालावे. नाव बदलेल, पण चव उणी पडणार नाही. तव्यावरून उतरलेला पहिला पाव नातवाने आजीपुढे धरावा आणि तिने तो निःशंक मनाने मोडावा, एवढ्यासाठी अर्ध्या तासाचा खटाटोप मुळीच जास्त नाही.