आकडा कुणाचा, कर्ज कुणाचं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडा समोर आला की तो कुणाचा, हे आधी विचारतो. अमेरिकेत न्यूरोसायन्सची पदवी घ्यायला निघालेल्यांनीही तेच विचारावं.

तिथल्या सरकारचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ कॉलेज आणि विषयानुसार पदवीधरांची कमाई आणि कर्ज दाखवतं. जरूर पाहा. पण हे आकडे तिथल्या केंद्र सरकारची मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. व्हिसावर गेलेल्यांना ती मदत मिळत नाही. आपलं कर्ज इथल्या बँकेचं, अनेकदा अब्बांचं घर तारण ठेवून घेतलेलं.

हिशेब करू. समजा, ४ वर्षं दरवर्षी सुरुवातीला १० लाख उचलले, सरळव्याज १० टक्के. पदवीनंतर वर्षभराने हप्ते सुरू होतील, तेव्हा ४० लाखांचे ५४ लाख झालेले असतील.

आणि नुसत्या पदवीवर हाती येतं ते बहुधा प्रयोगशाळेतल्या सहायकाचं काम. संशोधनाची खरी वाट पीएच.डी.ची आहे. तिथे मात्र अमेरिकेतली अनेक विद्यापीठं फी भरतात, वर विद्यावेतन देतात.

म्हणून मेंदूचं वेड सोडू नका, क्रम बदला. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत किंवा जवळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिका, एम.एस्सी.पर्यंत जा, प्रयोगशाळेत हात बसवा. मग परदेशी पीएच.डी.साठी अर्ज करा.

तरीही आताच जायचं असेल, तर हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडा. धाकट्या बहिणीलाही बसवा. तिचं शिक्षणही त्याच घरातून व्हायचं आहे.