काशीच्या राजानं इंग्लंडच्या खेड्यात खोदलेली विहीर

कुठे ऐकताय, बसमध्ये की भांडी घासता घासता? आज जायचंय इंग्लंडमधल्या स्टोक रो नावाच्या छोट्या गावात.

हे गाव ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न नावाच्या डोंगररांगेवर आहे. लंडनपासून फार लांब नाही. फोटो बघाल तर बीचची दाट झाडी, हिरवी कुरणं, विटांची घरं. आणि गावाच्या मधोमध सोनेरी कळसाचा घुमट! खाली लोखंडी खांब, आत रहाटाच्या यंत्रावर उभा असलेला सोनेरी हत्ती. मी पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी एडिट केलाय.

तर हा घुमट तिथे आला कसा? त्याचं उत्तर जमिनीखाली आहे.

चिल्टर्नचे डोंगर चॉकचे, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीचे. या दगडात पाणी थांबत नाही, झिरपत खोल जातं. म्हणजे पाऊस भरपूर, तरी डोंगरमाथ्यावर ना ओढा, ना झरा. चॉकवर चिकणमातीचा थर आहे, त्यातल्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी लोक वापरायचे. उन्हाळ्यात तेही आटायचं.

आता इथे एंट्री होते एडवर्ड अँडर्डन रीड यांची. त्यांचं घर याच भागातल्या इप्सडेनचं, नोकरी मात्र हिंदुस्थानात, कंपनी सरकारात. 1831 मध्ये त्यांनी आझमगढ भागात लोकांसाठी विहीर खोदवली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांची मैत्री होती. गप्पांमध्ये रीडसाहेबांनी आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगितली. घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं, म्हणून एका पोराला आईनं बदडलं होतं.

महाराजांच्या मनात ती गोष्ट घर करून राहिली. पुढे दानधर्म करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी या गावाला विहीर द्यायचं ठरवलं.

1863 मध्ये काम सुरू झालं. तोंड फक्त चार फूट रुंद. आणि खोली? 368 फूट! कुतुबमिनार उलटा करून आत घातला, तरी खाली शंभराहून जास्त फूट उरतील. आणि हे सगळं माणसांनी हातानं खोदलंय. त्या अंधारात उतरणाऱ्या मजुरांचा विचार केला की माझ्या पोटात गोळा येतो.

24 मे 1864 ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. एक बादली वर यायला जवळपास दहा मिनिटं लागायची, पण पाणी स्वच्छ आणि फुकट. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली. तिचं नाव ‘इश्री बाग’, महाराजांच्या नावावरून. कित्येक दशकं गाव हेच पाणी प्यायलं.

आता एक गोष्ट लपवायला नको. 1857 मध्ये हे महाराज इंग्रजांच्या बाजूने होते. उद्घाटनाला राणीचा वाढदिवस निवडला, यातही राजकारण आहेच. म्हणून मी याला नुसती गोड गोष्ट म्हणणार नाही. ज्या देशाची संपत्ती इंग्लंडला जात होती, त्याच देशातून इंग्लंडच्या गरिबांना पाणी गेलं, हा विरोधाभास गिळायला अवघडच आहे.

पण त्या पोराकडे बघा ना. मार खाल्लेला एक तहानलेला मुलगा. कुणीतरी त्याची गोष्ट लक्षात ठेवली, हजारो मैलांवर कुणालातरी सांगितली, आणि ऐकणाऱ्यानं ‘अरेरे’ म्हणून विषय बदलला नाही.

1964 मध्ये विहिरीची शंभरी झाली, तेव्हा प्रिन्स फिलिप तिथे आले होते. घुमट आणि हत्ती आजही आहेत.

तुमच्या गावात कुणी बांधलेली विहीर, बारव, पाणपोई आहे का? ती कुणी बांधली आणि का, हे घरातल्या आजी-आजोबांना आज विचारा. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!