पोशाखाची सक्ती

बडोद्यात निजामपुऱ्याहून छाणीकडे निघालं की पुढे खताचा कारखाना, त्यापलीकडे कोयलीची रिफायनरी. अशा ठिकाणी गणवेशाविरुद्ध कुरकूर असलीच तर ती उकाड्याची. मे महिन्यात जाडं सुती कापड नकोसं होतं; पण आगीच्या झळेत सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं, म्हणून सुतीच सोसायचं.

कचेरीत असं ठोस कारण नसतं, आणि वाद तिथेच पेटतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर घालायला मनाई केली, शुक्रवारी खादी वापरायला सांगितलं. खादीचं ठीक, पण जीन्सने फाइल अडते का, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

सक्ती राजेमहाराजांनाही होती बरं का! १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. संस्थानिकांनी जडजवाहीर लेवून यायचं, असा रिवाज. आपले बडोद्याचे सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात, दागिन्यांविना सम्राट पंचम जॉर्जसमोर गेले, रिवाज मोडून एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला! शेवटी महाराजांना दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं.