डिग्री नको म्हणणाऱ्यांना एक प्रश्न



मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. त्यामुळे ‘डिग्री सोडा, हुनर शिका’ असं मी सांगेन, असं तुम्हाला वाटलं असेल. हे वाक्य मोहल्ल्यात फार ऐकलंय. बोलणाऱ्यांची स्वतःची मुलं मात्र इंजिनिअरिंगला असतात!

सच्चर समितीच्या 2006च्या अहवालात वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी-पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. 2014मध्ये महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण रोखलं नाही, तरी पुढे त्याचा कायदा झालाच नाही. 2022मध्ये मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. मग फक्त आपल्या पोरांना आळशी कसं म्हणायचं?

हुनर शिकाच, पण पुढची वाट माहीत करून घ्या. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. वर्गात हे विचारतो तेव्हा एखाददुसराच हात वर होतो. अ‍ॅप्रेंटिसशिपचा कायदा तर 1961चा आहे. रीतसर नोंदणी असेल तर काम शिकताना स्टायपेंड मिळतो. गॅरेजमध्ये पाच वर्षं उस्तादाच्या हाताखाली राबलेल्या पोराकडे ना स्टायपेंड, ना कागद.

आता घरचं सांगतो. माझ्या आपाला बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. कॉलेज तालुक्याला. प्रॅक्टिकल सहाला सुटायचं, शेवटची एसटी साडेपाचला. अब्बा ‘नको’ म्हणाले नाहीत. कुणी काही ठरवलंच नाही, आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. मी मामूंकडे राहून शिकलो. तिला कुणाकडे ठेवावं, हा विषयच निघाला नाही.

एकतिसाव्या वर्षी, दोन मुलं झाल्यावर, तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. घरी अभ्यास, रविवारी केंद्रावर तासिका. निकालाच्या दिवशी म्हणाली, “हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?”

हे विद्यापीठ 1989पासून आहे. मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं.

चहानंतर मी बाहेरच्या टेबलावर बसतोय. दहावी-बारावीची मार्कशीट आणली असेल तर दाखवा. बहिणीची आणली असेल तर रांगेत पुढे या.