वरचं काम परत करता येतं

(पैठण येथील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेलं भाषण)



मी लेखापाल आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांशी नोकरीविषयी बोला, असं तुमच्या प्राचार्य मॅडमनी मला फोनवर सांगितलं. नोकरी मिळवायची कशी हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी बोलणार आहे ते नेमणूकपत्रात कुठेच न लिहिलेल्या आणि पहिल्या महिन्यातच गळ्यात पडणाऱ्या कामाविषयी. कार्यालयाचं फेसबुक पान सांभाळायचं, इन्स्टाग्रामवर रील टाकायचे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पाठवत राहायचं. नोकरी न सोडता हे काम परत करता येतं. मी ते केलं आहे, आणि माझ्याआधी आपल्याच गावोगावच्या बायांनी ते माझ्यापेक्षा मोठ्या धैर्याने केलं आहे.

पदवी झाल्यावर मी ठेवी घेणाऱ्या एका संस्थेत लागले. तिचं नाव सांगत नाही. रोजकीर्द, खतावणी, बँकेचा ताळमेळ, मार्चअखेरची धावपळ हे माझं काम होतं, आणि ते मला आवडत होतं. मग कुणीतरी म्हणालं, "तू नव्या पिढीतली, तुला मोबाईलचं जमतं." एवढ्यावर संस्थेचं पान माझ्याकडे आलं. संचालकांच्या वाढदिवसाचं बॅनर रात्री बाराच्या ठोक्याला पडलं पाहिजे, सभेचे फोटो सभा संपायच्या आत गेले पाहिजेत, असा दंडक. तेही मी निभावलं असतं. पण मुदत संपूनही पैसे न मिळालेले ठेवीदार त्या पानावर येऊन लिहू लागले. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाचं ऑपरेशन अडलं होतं. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं लिहून खाली हात जोडलेलं चित्र टाकायचं, अशी मला सूचना होती. असा विभाग संस्थेत नव्हताच.

माझा वेळ जात होता याचं मला फारसं दुःख नव्हतं. लोकांना जे कळवलं जात होतं ते खरं नव्हतं, आणि ते माझ्या हातून कळवलं जात होतं, हे मला सोसवेना. पैसे अडकवण्याचा निर्णय माझा नव्हता, सोडवण्याचा अधिकारही माझा नव्हता. पण त्या माणसांना संस्था म्हणून दिसायचे ते माझे शब्द. अशी नोकरी करणारी हजारो मुलं आज महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या वाट्याला येणारा राग दुसऱ्याचा असतो आणि झोप मात्र त्यांची उडते.

तेव्हा मला आधार मिळाला तो माझ्या मावशीचा. ती पाचोडकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांना सरकारने मोबाईल दिले, आणि मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर हे अॅप आलं. फोन दोन जीबी रॅमचे. अॅप उघडलं की अडकायचे, तापायचे, बंद पडायचे. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचे पैसे तुटपुंज्या मानधनातून जायचे. त्यात अॅप इंग्रजीत. गावातल्या बाळा-बाळंतिणींची माहितीही इंग्रजीतच भरायची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन गोळा केले आणि बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत दिले.

ते अॅप म्हणजे सोशल मीडिया नव्हे, मला ठाऊक आहे. पण जात तीच: काम करण्यापेक्षा केलेलं दाखवण्याला जास्त किंमत. आणि त्या बायांनी काय परत केलं नाही, तेही बघा. वजनकाटा परत केला नाही. आहाराचं वाटप थांबवलं नाही. माहिती द्यायलाही त्या तयार होत्या, फक्त नोंदवहीवर, आपल्या भाषेत. मावशी मला म्हणाली, "लेकरू जड झालं की हलकं, हे मला काट्यावर कळतं. फोनात बघत बसले तर लेकराकडं कोण बघंल?" पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सेविका बेमुदत संपावर गेल्या. चांगले फोन ही त्यांची एक मागणी होती, मानधनवाढ दुसरी. त्या मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० करण्याची घोषणा झाली. घोषणेनंतरही झगडा संपला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना पुन्हा संप करावा लागला.

तुमच्यातले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेतून इथे आला आहात. तुमच्या गुरुजींच्या मोबाईलमध्ये आसपासच्या शाळांच्या केंद्राचा एक ग्रुप, तालुक्याचा एक, उपक्रमागणिक आणखी एक. वर्गात भागाकार शिकवताना 'तातडीचे' असा निरोप येतो आणि खडू खाली ठेवावा लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरकारी संकेतस्थळावर चढवण्याचा आदेश निघाला होता. मुलं शाळेतून गळू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण पोरगं ऊसतोडीला का गेलं, हे सेल्फीत दिसत नाही. त्यासाठी गुरुजींना त्याच्या घरी जावं लागतं. शिक्षकांनी विरोध केला, आणि तो निर्णय थांबवावा लागला.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या आणि प्रशासकीय व्हॉट्सअॅप ग्रुप सोडले. मूळ भांडण संचमान्यतेचं, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचं, आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचं होतं. २५ सप्टेंबरला त्यांनी सामूहिक रजाही घेतली. मला त्यातलं ग्रुप सोडणं महत्त्वाचं वाटतं, कारण रजेचा तो एक दिवस सोडला तर वर्ग भरत राहिले. थांबली ती दिवसभराची फोटो-माहितीची वाहतूक. "आम्हाला शिकवू द्या" ही त्यांची घोषणा मी ऐकली तेव्हा वाटलं, नोकरदाराने मालकाकडे करावी अशी याहून प्रामाणिक मागणी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये असं २००९ पासून लिहिलेलं आहे. तरीही हे मागावं लागतं.

पैठणमध्ये उभं राहून हिशेबाविषयी बोलायचं आणि संत एकनाथांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. देवगिरी किल्ल्यावर गुरू जनार्दनस्वामींकडे असताना नाथांच्या हिशेबात एका पैचा फरक आला, आणि तो शोधत ते रात्रभर दिव्यापाशी बसले, ही गोष्ट तुम्हाला पाळण्यापासून ठाऊक आहे. पुढे त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतरात आणि नकलांत शिरलेले चुकीचे शब्द शोधून काढणं हे त्या पै शोधण्याच्याच जातीचं काम. पण त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जनार्दनस्वामी किल्ल्याचे मोठे अधिकारी. गुरुवारचा दिवस ते उपासनेला देत, आणि त्यांच्यासाठी त्या दिवशी किल्ल्यावरची कचेरी बंद राही, असं सांगतात. एवढं लक्ष लावून काम करणाऱ्या गुरुशिष्यांच्या घरी कामापासून दूर राहण्याचा दिवसही ठरलेला होता. मला तर वाटतं, तो ठरलेला होता म्हणूनच एवढं लक्ष लागत होतं.

कामापासून असं दूर राहणं आता काही देशांनी कायद्यातच लिहिलं आहे. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तोवर आपलं आपणच बघायचं आहे, म्हणून थोडं कामाचं सांगते.

कार्यालयाचं पान स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या खात्यावरून कधीही उघडू नका. कार्यालयाचा नंबर मागा. तो मिळत नसेल तर तसं लेखी कळवा. तुमच्या नंबरावर उघडलेलं पान तुम्ही नोकरी सोडलीत तरी तुमच्या मागे येतं. काम तोंडी मिळालं असेल तर त्याच संध्याकाळी एका ओळीची ईमेल करा: आज मला हे काम सांगण्यात आलं, ते माझ्या मूळ कामाव्यतिरिक्त आहे. भांडण नको, फक्त नोंद. आणि परत करायची वेळ आली की अर्ज लिहा. मी लिहिला त्यात तक्रारीचा सूर नव्हता. माझं मूळ काम कोणतं, पानामुळे त्यातलं काय मागे पडतं, कोणत्या तारखेपासून मी ते करणार नाही, आणि त्या तारखेपर्यंत पासवर्ड, प्रलंबित तक्रारींची यादी आणि फोटो कुणाच्या ताब्यात द्यायचे, एवढंच. ठेवीदारांच्या तक्रारींची ती यादी मी छापून, आवक नोंदवहीत क्रमांक टाकून दिली. पानावरच्या शब्दांना उत्तर द्यायला कुणी बांधलेलं नव्हतं. आवक क्रमांक पडलेला कागद मात्र आलाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

आधी नकार आला. "एवढंसं काम, त्याचा केवढा बाऊ," असं ऐकवलं गेलं. मी ठरलेल्या तारखेला पासवर्ड लखोट्यात घालून दिले आणि पोच घेतली. नंतरही ती नोकरी सोपी झाली नाही. त्रास देणाऱ्या दुसऱ्या गोष्टी तिथे होत्याच. पण माझ्या नावावर जे काम होतं ते मी पुन्हा नीट करू लागले, आणि संध्याकाळी घरी येणारी बाई माझ्या आईला ओळखू येऊ लागली.

इथे काही मुलं विणकरांच्या घरची आहेत. तुम्ही घरच्या पैठणीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकता, व्हॉट्सअॅपवर मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांशी बोलता. ते सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. पदरावरचा मोर कुणी विणला ते तुम्हाला माहीत आहे, किंमत ठरवताना तुम्ही घरात बसलेले असता, आणि साडी कधी मिळेल या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याजवळ असतं. तिथे बोलणारा आणि करणारा एकच आहे. माझी हरकत आहे ती ही दोन माणसं तोडण्याला.

प्राचार्य मॅडम, शेवटी तुम्हाला एक विनंती. आजच्या संमेलनाचे फोटो आणि व्हिडिओ महाविद्यालयाच्या पानावर टाकण्याचं काम काही मुलामुलींना दिलेलं आहे. मघापासून ती स्टेजच्या कडेला उभी आहेत, एकही नाच त्यांना डोळाभर बघता आलेला नाही. त्यांची नावं सूचनाफलकावर लावा, आणि हे काम येत्या रविवारी संपेल असं त्याखाली लिहा. त्यातली काही बारावीची आहेत आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे. रविवारनंतर फोटो मागायला कुणी आलं तर त्याला कार्यालयात पाठवा.

बक्षिसांसाठी मुलं खोळंबली आहेत.