घरचा कलप आणि कानामागचा ठिपका

लग्नसराई जवळ आली कीं नगरच्या कापडबाजारांत शालू-शेल्यांसाठीं गर्दी उसळते. त्याच सुमारास आणखी एक लहानशी खरेदी, फारसा गाजावाजा न होतां, घरोघर होत असते. ही खरेदी म्हणजे कलपाची पुडी. २०२४ सालीं शहराचें नांव अहिल्यानगर झालें; या पुडीचा रिवाज मात्र होता तसाच आहे.

समजा, सावेडीकडील एका घरीं रविवारीं कन्येचें लग्न आहे. शनिवारीं रात्रीं पाहुणे निजले आहेत आणि वधूपिता आरशापुढें वाटी घेऊन उभे आहेत. दाराशीं गृहिणी येते आणि म्हणते, "अहो, आधीं कानामागें लावून पाहिलेंत का? पुडीवर तसें लिहिलें आहे." त्यावर गृहस्थ हंसून म्हणतात, "अगं, दहा वर्षें हाच कलप लावतों आहें. आज काय नवें होणार?"

हें उत्तर ऐकावयास सयुक्तिक वाटतें. वस्तुतः सारा धोका या उत्तरांतच दडलेला आहे. दहा वर्षें कांहीं झालें नाहीं म्हणून अकराव्या वर्षीं कांहीं होणार नाहीं, हा न्याय चुलीवरच्या तव्यास लागू पडेल, कलपास नाहीं. कारण कलपाचें वैर त्वचेशीं पहिल्या भेटींतच जडतें असें नव्हे. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी एखाद्या माणसास दहा वेळां मुकाट्यानें आंत सोडतो आणि अकराव्या खेपेस त्याचा संशय येऊन एकदम आरोळी ठोकतो, तसाच हा प्रकार. त्वचेचा पहारेकरी एकदां सावध झाला कीं तो तें द्रव्य बहुधा जन्मभर विसरत नाहीं. मग पुढच्या प्रत्येक भेटीला आरोळी ठरलेलीच.

असें झालें तर रविवारीं मंगलाष्टकें चाललीं असतां वधूपित्याचीं कानशिलें खाजूं लागतील, आणि सोमवारीं, मुलीची पाठवणी होऊन घर रितें झालें असतां, पापण्या सुजून डोळे उघडेनासे होतील. कलप लावतांक्षणींच त्रास होतो अशी पुष्कळांची समजूत आहे. पण हा दाह कित्येकदां एक-दोन दिवसांनीं, क्वचित् तिसऱ्या दिवशींही प्रकट होतो. त्यामुळें तो कलपाचा म्हणून ओळखूंही येत नाहीं आणि दोष बिचाऱ्या लग्नांतल्या जेवणास दिला जातो.

आतां हें द्रव्य कोणतें तें पाहूं. त्याचें नांव पॅरा-फेनिलीनडायअमीन. वेष्टनावर कित्येकदां पी.पी.डी. अशीं तीनच अक्षरें असतात. युजीन शुएलर नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १९०७ सालीं कृत्रिम रसायनांचा कलप बाजारांत आणला, आणि काळा रंग देणारे आजचे बहुतेक टिकाऊ कलप याच कुळांतले आहेत. तें स्वतः काळें नसतें. त्याचे बारीक कण केसांत शिरतात, तेथें ऑक्सिजनशीं संयोग पावून मोठे होतात, काळे पडतात आणि मग बाहेर निघूं शकत नाहींत. म्हणूनच तो रंग धुतल्यानें जात नाहीं.

डोळ्यांच्या बाबतींत या रंगाची कथा फार दुःखद आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत पापण्या रंगविण्याचा एक कलप निघाला होता. त्यानें कित्येक स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली, कांहींची दृष्टि गेली, आणि एक स्त्री मृत्यु पावली. तेथें १९३८ सालीं सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा अंमल बसला त्यास ज्या घटना कारण झाल्या, त्यांत ही एक होती. आपल्याकडेही १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालील नियमांनीं कलपाच्या वेष्टनावर इशारा छापणें बंधनकारक केलें आणि २०२० च्या नियमांनीं तें चालू ठेवलें. भुवया व पापण्या यांस हा कलप लावूं नये, लावल्यास अंधत्व येण्याचा संभव आहे, आणि आधीं त्वचेवर चांचणी घ्यावी, असा तो इशारा आहे. तो इंग्रजीबरोबर देशी भाषेंतही असावा असा दंडक आहे. मात्र अक्षर इतकें बारीक असतें कीं ज्या वयांत कलप लागतो त्या वयांत तें चष्म्याशिवाय वाचतां येत नाहीं, आणि कलप लावतांना चष्मा काढून ठेवलेला असतो!

बाजारांतील दोन शब्दांनीं सुशिक्षितही फसतात. पहिला शब्द 'अमोनियारहित'. अमोनिया नाकास झोंबतो म्हणून तोच खरा अपराधी, असें लोकांस वाटतें. पण अमोनिया नसला तरी पी.पी.डी. असूं शकतें. दुसरा शब्द 'काळी मेंदी'. मेंदीचें पान केसांस नारिंगी-तांबडा रंग देतें. काळा रंग देण्याचा धर्म त्या पानांत नाहीं. जी 'मेंदी' अर्ध्या तासांत केस कुळकुळीत करते, तिच्यांत मेंदीखेरीज दुसरें कांहीं तरी आहे आणि बहुधा तें हेंच द्रव्य आहे, असें धरून चालावें. जत्रेंत मुलांच्या हातांवर काढतात त्या काळ्या मेंदीच्या नक्षीबद्दलही हीच शंका धरावी. अशा नक्षीनें ज्या मुलाची त्वचा एकदां सावध झाली, त्याला पुढें मोठेपणीं कलप लावतांना त्याची किंमत द्यावी लागते.

मग पूर्वीचे लोक काय करीत? सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत केस काळे करण्याची कृति दिली आहे. लोखंडी भांड्यांत लोहचूर्णासह कोद्रवाचे तांदूळ आंबट द्रवांत शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लावावे, ओल्या पानांनीं डोकें गुंडाळावें. दोन प्रहरांनीं तें काढून आवळ्याचा लेप द्यावा आणि आणखी दोन प्रहर थांबावें. म्हणजे उभा दिवस गेला! परंतु यांतलें मर्म पाहण्यासारखें आहे. आवळ्यांतील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग झाला कीं काळा रंग होतो. अकोले तालुक्याच्या डोंगरांत जो हिरडा मिळतो त्याचा काढा लोखंडी भांड्यांत काळा पडतो तो याच कारणानें, आणि आजीबाई मेंदी व आवळकाठी लोखंडी कढईंत भिजवीत त्या याच कारणानें. ग्रंथ न वाचतां कढईनें ती विद्या सांभाळली. आजही ज्यास रासायनिक कलप सोसत नाहीं त्यानें आधीं निर्भेळ मेंदी आणि नंतर नीळ, म्हणजे नीळीच्या झाडाच्या पाल्याची पूड, कपड्यांची नीळ नव्हे, असा दुहेरी लेप करावा. वेळ पुष्कळ जातो, रंगही गर्द काळा न येतां तपकिरीकडे झुकतो. पण बहुतेकांस तो सोसतो.

कढईवरून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ती मेंदीस योग्य असली तरी बाजारी कलप तींत कालवूं नये. त्यास कांचेची वा प्लास्टिकची वाटी घ्यावी. हातांत मोजे घालावे. कपाळाच्या व कानांच्या कडेनें व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. डोक्यास जखम, खरूज वा ओरखडा असेल तर तो बरा होईपर्यंत कलपाचें नांव काढूं नये. घड्याळ समोर ठेवून वेष्टनावर लिहिलेली वेळ संपली कीं धुवावें. अधिक ठेवल्यानें रंग अधिक चढेल ही आशा व्यर्थ आहे. आणि धुण्यासाठीं पाणी भरपूर लागतें. मुळा धरणाचें पाणी नळास केव्हां येणार हें नगरकरांस सांगावयास नकोच. तेव्हां दोन बादल्या भरल्याखेरीज वाटी हातीं धरूं नये. कालविलेला कलप उरला तर तो बाटलींत बंद करून ठेवूं नये. आंत वायु सांचून बाटली फुटते. तो टाकून द्यावा. पुड्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा जागीं असाव्या. पोटांत गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो.

इतक्या काळजीनेंही कधीं खाज सुटली, लाली आली, तर केस ताबडतोब पुष्कळ पाण्यानें व सौम्य शांपूनें धुवावे आणि वैद्यांस दाखवावें. घरांत पडलेलें कोणतेंही मलम चोळूं नये. ओठ, जीभ वा घसा सुजला, श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकास बोलवावें. आणि एकदां असें झाल्यावर दुसऱ्या नांवाची पुडी आणणें हा उपाय नव्हे. बहुतेक पुड्यांत तेंच द्रव्य किंवा त्याचें भावंड असतें.

आतां त्या ठिपक्याची रीत. कानामागील किंवा कोपराच्या आंतल्या बाजूची जागा साबणानें स्वच्छ करावी, वापरावयाचा असेल तसाच कालविलेला कलप तेथें अगदीं थोडा लावून वाळूं द्यावा. सरकारी नियमांतील कृति चोवीस तासांची आहे; त्वचारोगतज्ज्ञ अठ्ठेचाळीस तास थांबा म्हणतात, आणि तेंच बरें, कारण उशिरां येणारी लाली त्यांत सांपडते. ही चांचणी दरवेळीं करावयाची, दहा वर्षें तीच पुडी असली तरी.

म्हणून सावेडीच्या त्या गृहस्थांनीं दिनदर्शिका घेऊन मागें मोजावें. लग्न रविवारीं, दाह उमटलाच तर तो ओसरावयास सवड हवी, म्हणून कलप त्याच्या आधीच्या रविवारीं, आणि कानामागचा ठिपका त्याहून दोन दिवस आधीं, शुक्रवारीं सकाळीं. तो ठिपका गृहिणीनें लावावा, कारण स्वतःच्या कानामागें पाहतां येत नाहीं.