एकच डोळा, दोन मापें

मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत मिळते. काचबिंदूनें गेलेली परत मिळत नाहीं. या रोगाचा सारा उपाय उरलेली दृष्टि राखण्याचा आहे. दृष्टिपटलावरून सुमारें दहा लक्ष मज्जातंतू मेंदूकडे जातात. ते हळूहळू झडत जातात. बहुधा वेदना नसते, आणि पुष्कळसे तंतू गेल्यावरच रुग्णास नुकसान उमगतें. म्हणून तंतूंचा थर किती जाड उरला आहे, हें वेळोवेळीं मोजावें लागतें.

१८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं नेत्रदर्शक यंत्र केलें, तेव्हांपासून वैद्यास डोळ्याच्या आंत पाहतां येऊं लागलें. परंतु पाहणें निराळें, मोजणें निराळें. मोजण्याचे पुढें अनेक मार्ग निघाले. एकांत, तंतूंतून जातांना लेसर प्रकाशाच्या ध्रुवीकरणांत जो फरक पडतो, त्यावरून जाडी ताडतात. दुसऱ्यांत, निरनिराळ्या थरांवरून परतणारा प्रकाश तपासून पटलाचा जणूं उभा छेदच काढतात. हा मार्ग, म्हणजे ‘ओ. सी. टी.’, १९९१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांतील जुनें ‘स्ट्रॅटस’ यंत्र सेकंदास ४०० उभ्या रेघा टिपीत असे. पुढचें ‘सिरस’ २७,००० टिपूं लागलें. वेग वाढल्यानें डोळा हलल्याचा दोष पुष्कळ कमी झाला.

तथापि वेगवान यंत्र आलें म्हणून जुन्या व नव्या आंकड्यांचा मेळ बसतोच, असें नाहीं. थराच्या सीमा कोठें धरावयाच्या, हें प्रत्येक यंत्र आपल्या रीतीनें ठरवितें. निरोगी डोळ्यांत स्ट्रॅटसचा आंकडा सरासरीनें सिरसहून मोठा येतो. एका दुकानच्या पायलीनें मोजलेलें धान्य दुसऱ्या दुकानच्या पायलीनें पडताळून घट काढावी, तसाच हा प्रकार.

बीड जिल्ह्यांतील केजसारख्या गांवीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेथील रुग्ण एकदां अंबाजोगाईस डोळे दाखवील, एकदां लातुरास, तर कधीं मुलाकडे पुण्यास. समजा, पहिल्या कागदावर ९२ मायक्रॉन आहेत आणि वर्षानें दुसऱ्या यंत्राच्या कागदावर ८४. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रोग बळावला म्हणून तो घाबरेल. वस्तुतः कांहींच गेलें नसेल. उलट प्रकार अधिक घातक. कमी दाखविणाऱ्या यंत्रानंतर अधिक दाखविणाऱ्या यंत्रावर तोच आंकडा आला, तर झालेली हानि झांकली जाते आणि रुग्ण निर्धास्त राहतो.

शिवाय थर फारच पातळ झाला, म्हणजे सुमारें ५० मायक्रॉनांच्या आसपास आंकडा थबकतो. कारण तंतू गेले तरी रक्तवाहिन्या व आधारपेशी उरतात. तेथें दृष्टिक्षेत्राची तपासणीच खरी साक्ष देते.

तेव्हां शक्यतों एकाच यंत्रावर तपासावें, प्रत्येक कागद जपून ठेवावा, व त्यावर यंत्राचें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें. यंत्र बदललेंच, तर नवा आंकडा जुन्याशीं न ताडतां तेथून नवी मोजणी सुरू करावी. आणि आंकडा कांहींही असो, वैद्यानें सांगितल्यावांचून थेंब बंद करूं नयेत.